गाडी आधी आडवी करायची

गल्लीत तिला सगळे सीटवाली म्हणत आणि त्यात तिला कधी कमीपणा वाटला नाही. मोटारसायकलींच्या सीट शिवून तिने तीस वर्षं घर चालवलं होतं. शाळा चौथीपर्यंतच. पण सीटवर अंगठा दाबला की मालक किती वजनाचा, कुठल्या कुशीवर कलून बसतो, मागे कुणाला बसवतो की नाही, सगळं ती घडाघडा सांगायची. आपली कात्री चुकली असं तिने आजवर कुणासमोर कबूल केलं नव्हतं.

तिची धाकटी मुलगी चार महिन्यांची रजा मंजूर करून घेऊन आली होती. मोटारसायकलवर, एकटीने, सात देश ओलांडून पलीकडच्या समुद्रापर्यंत जायचं. थोरला मुलगा म्हणाला, "हिला वेड लागलंय." सीटवालीने सुई दातात धरूनच त्याला गप्प केलं, "तू जिना चढताना मध्ये दोनदा बसतोस. तू बोलूच नकोस."

अडलं होतं ते गाडीवर. सरहद्दीच्या कागदांत चेसिस नंबर लागतो आणि ते कागद शुक्रवारी दुपारपर्यंत द्यायचे होते. शुक्रवार चुकला की निघायला उशीर, आणि तोवर वाटेतला घाट बर्फाने बंद. रजाही परत मिळणार नव्हती. आज बुधवार उजाडला होता.

दुकानामागच्या अंगणात दोन गाड्या उभ्या होत्या. एक काळी, उंच, भरदार. ती विक्रेत्याने दोन दिवस चालवून बघायला दिली होती. दुसरी हिरवी, हलकी, टाकीला पोचा आलेली. ती शेजारच्या गॅरेजमधली, म्हणजे सीटवालीच्या दिराची.

"वहिनी, हिरवी घ्या," दीर म्हणाला. "साधं इंजिन आहे. वाटेतला कुठलाही मिस्त्री उघडून बसवील."

"भाऊजी, ही गाडी आहे की चाकं लावलेलं शिलाई मशीन? माझी मुलगी सात देश फिरणार, ती ह्याच्यावर?"

धाकटीचाही जीव काळीतच अडकला होता. पण वर बसली की तिचे नुसते चवडे जमिनीला टेकायचे.

"पाय पोचत नाहीत गं, आई."

"तुझे पाय लांब करता येत नाहीत. सीट खाली आणता येते. उतर."

सीटवालीने सीट काढली, रेक्झिनवर खडूची पूड भुरभुरवली, सीट परत बसवली आणि लेकीला वर बसवलं. मुलगी उठली तेव्हा पुडीत तिच्या बैठकीचा ठसा उमटला होता. त्या ठशाबरहुकूम सीटवालीने रेक्झिन उसवून दोन बोटं फोम कापला आणि वर नवं रेक्झिन ताणलं. दुपारी धाकटी पुन्हा बसली, तर दोन्ही टाचा जमिनीवर!

"बघा, भाऊजी!"

दिराने सीट पाहिली, मग वहिनीकडे पाहिलं. "ही गाडी अजून आपण घेतलेली नाही ना?"

सीटवालीचा चेहरा पडला. तीस वर्षांत तिच्यासमोर फक्त मालकाने स्वतः सीट शिवायला आणून दिलेली गाडी आली होती. गाडी समोर आली की कात्री लावायची, एवढंच हाताला ठाऊक.

"घेणारच आहोत," ती ठसक्यात म्हणाली.

"मग आधी आडवी करून बघू. एकटीने जायचं तर गाडी पडणारच. पडली की उचलायला हवी. सामानासकट, तीनदा."

"तीनदा काय, दहादा उचलेल. माझं दूध प्यायलीय."

दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत रेक्झिनचे गुंडाळे आणि पाण्याचे डबे कोंबले. दिराने गाडी अलगद खडीवर आडवी केली. धाकटी गाडीकडे पाठ करून बसली, एक हात हँडलला, एक सीटखाली, आणि पायांनी रेटा दिला. गाडी उभी राहिली. सीटवालीने दिराकडे असं पाहिलं की तो टोपी सारखी करायला लागला.

दुसऱ्यांदा मुलीला दोन रेटे द्यावे लागले. गाडी उभी राहिली, पण तिचा चेहरा लालबुंद झाला.

तिसऱ्यांदा गाडी वीतभर उचलली गेली आणि परत बसली. पुन्हा रेटा, पुन्हा तेच. सीटवाली पदर खोचून पुढे धावली.

"आई, हात लावू नकोस," मुलगी धापा टाकत म्हणाली. "तिथे तू नसशील."

सीटवाली होती तिथेच थांबली. उंची तिने कात्रीने उतरवली होती. वजन कुठल्या कात्रीने उतरणार?

"सोड ती," ती म्हणाली. "भाऊजी, हिरवी आडवी करा. सामान तेवढंच."

हिरवी धाकटीने तीनदा उचलली. आईने आणखी दोनदा उचलायला लावली. पाचव्यांदाही गाडी उभी राहिली, मुलगीही उभी राहिली.

"पण दिसते कशी, आई! लोक हसतील."

"ओसाड रस्त्यावर पडशील तेव्हा हसायला कोण येणारे? आलंच कुणी, तर आधी उचलायला लाव, मग म्हणावं हस."

दीर मिशीत हसला. "म्हणजे मी बरोबर होतो, वहिनी?"

"गाडी बरोबर निघाली. तुमचं अजून बघायचंय."

मग तिने फोन मागितला. फोन देताना धाकटी म्हणाली, "मी बोलू का?"

"कापली कुणी, तू?"

विक्रेत्याने फोन उचलताच सीटवाली म्हणाली, "तुमची गाडी आम्ही घेत नाही. सीट मी कापलीय. चूक माझी. उद्या संध्याकाळपर्यंत नवी शिवून बसवून देते, आधीपेक्षा चांगली. ओरडायचं असेल तर आत्ताच ओरडा, उद्या मला वेळ नाही." पलीकडचा बराच वेळ ओरडला. तिने मध्ये एकदाही न तोडता सगळं ऐकून घेतलं.

फोन ठेवून सीटवालीने हिरवीचा चेसिस नंबर खडूने कापायच्या टेबलावर उतरवला. एकेक आकडा मोठ्ठा, दोनदा ताडून पाहिलेला.

"हा लिहून घे आणि कागद आजच देऊन ये. शुक्रवारची वाट कशाला बघायची?"

"आणि हिरवीच्या सीटचं काय? फोम पार बसलाय."

सीटवालीने हिरवीच्या सीटवर खडूची पूड भुरभुरवली.

"बस. नीट बस, दिवसभर बसायचंय असं समजून. ही मी कापणार नाहीये, भरणार आहे."

मुलगी बसली. दोन्ही टाचा आपसूक जमिनीला टेकल्या.

"टिकेल ना, आई, समुद्रापर्यंत?"

"टिकेल. आणि परत येताना फाटली, तर वाटेत दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस. तशीच घेऊन ये."