बिनआवाजाचा झेल

१८ मे १९९७, रविवार. श्रीरामपूरच्या माझ्या घराच्या पायरीवर बसून मी बेसबॉलचे ग्लोव्हज पुसत होते आणि चामड्याला खोबरेल चोळत होते. जिल्ह्याच्या मुलींच्या संघाची निवड चाचणी संपली की हे काम शाळेत खेळ शिकवणाऱ्या बाईकडे आपोआप येतं. मैदानाची पांढरी धूळ फडक्यावर उतरत होती. एका ग्लोव्हमधून मात्र लाल रंग उतरला. विटकरी, कोरडा, भाजलेल्या मातीचा. तो शालनचा रंग.

चेंडू ग्लोव्हमध्ये येऊन बसतो तेव्हा वाजतो. तयार कॅचरच्या, म्हणजे बॅटरमागे बसून झेलणारीच्या, हातात तो टाळीसारखा वाजतो, नवखीच्या हातात दार आपटल्यासारखा. इतकी वर्षं मैदानाच्या कडेला उभी राहून मी या आवाजावरूनच हात ओळखत आले आहे. पाठ फिरवलेली असली तरी मागे कोण झेलतंय ते मला कळतं. आज सकाळी मी पाठ फिरवून एका मुलीच्या बुटांची नाडी बांधत होते, आणि मागे पिचरने फेकलेले चेंडू जात होते पण पोचत नव्हते. सुसाट येणारं काहीतरी मध्येच हवेत विरून जावं तसं. मी वळून पाहिलं तर बेलापूरची शालन बॅटरच्या मागे बसली होती आणि चेंडू तिच्या हातात होता.

तिचं बसणंही वेगळं होतं. कॅचरला उकिडवं बसावं लागतं, आणि मुलींच्या मांड्या थोड्याच वेळात थरथरू लागतात. ही चुलीपुढे बसावी तशी टाचा टेकून बसली होती. कपाळावर ऊन, मिटल्यासारखे बारीक केलेले डोळे, आणि बॅट नाकासमोरून फिरली तरी पापणी न हलवणारा चेहरा. चेंडू येताना तिचे हात त्याला सामोरे जात नसत, उलट त्याच्याबरोबर थोडे मागे येत, दमून आलेल्या पाहुण्याच्या हातातलं ओझं दारातच अलगद घ्यावं तसे. त्या माघारीत चेंडूचा सगळा राग विझून जाई. हे शिकवायला मला एकेका मुलीमागे दोन-दोन हंगाम घालवावे लागले आहेत, आणि तरीही निम्म्या जणींना ते आलेलं नाही.

माझ्यासोबत निवडीला राहुरीचे कदम सर होते. माणूस सरळ, जीभ तिखट.

"बाई, ही पोरगी चेंडू झेलतीय का अंडी गोळा करतीय?"

"अंडं फुटलं नाही ना सर? मग झालं तर."

पण पुढे वेगळंच झालं. पहिल्या बेसवरची मुलगी दुसऱ्या बेसकडे पळत सुटली. अशा वेळी पळणारीला बाद करायला कॅचरने उठून चेंडू थेट दुसऱ्या बेसवर फेकायचा असतो. कॅचरची खरी परीक्षा तीच. शालनने चेंडू घेतला, तसाच अलगद, आणि आपल्या उजव्या बाजूला जमिनीवर नीट ठेवला. मग पुढच्या चेंडूसाठी हात पुढे केले. पळणारी दुसऱ्या बेसवर पोचून कंबरेवर हात ठेवून हसत होती. पुन्हा पळवलं, पुन्हा तेच.

"मांडून ठेवला बघा!" कदम सर म्हणाले. "आता हळदकुंकू वाहा त्याला."

सगळं मैदान हसलं. शालन हसली नाही, रडलीही नाही. तिने ठेवलेल्या चेंडूकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. जणू ते दुसऱ्या कुणाचं तरी काम करून बसले होते.

पाणी प्यायला सुटली तेव्हा मी तिला बाजूला घेतलं. तळव्यांच्या रेषांमध्ये लाल धूळ भरलेली होती, मेंदी पुसट होताना दिसते तशी.

"घरी काय काम करतेस?"

"कौलं चाळतो आमी, बाई. पावसाच्या आदी. आई खालनं फेकती, मी भितीवर बसून झेलती, दादा वर लावत्यात."

"आणि झेललेलं कौल?"

"शेजारी ठिवती. हातात आल्यालं टाकायचं न्हाई बाई, ठिवायचं. खाली मान्सं असत्यात."

एवढं बोलून तिने पेला पालथा घातला आणि गेली.

तेव्हा उलगडा झाला. कौल आवाज करत हातात आलं तर ते तडकतं, म्हणून तिचा झेल बिनआवाजाचा होता. आणि भिंतीवरून काही फेकणं म्हणजे कुणाचं तरी डोकं फोडणं, म्हणून तिचा हात फेकायला तयार नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच भिंतीवर, एकाच उन्हात शिकलेल्या. पण संघाला अर्धी कॅचर चालत नाही. कदम सरांचं मत विरुद्ध होतं. कॅचरची एकच जागा उरली होती, शिबिर उद्यापासूनच त्याच मैदानावर सुरू होणार होतं, आणि ती जागा माझ्या शब्दावर अडली होती. मला दया येत नव्हती. दयेने संघ निवडू नये. मला फक्त पाहायचं होतं, तो हात सुटतो की नाही.

तेल मुरलं. लाल डाग पूर्ण गेला नाही. मी तो ग्लोव्ह तसाच पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने बेलापूरला गेले. कौलांच्या ढिगावरून घर सापडायला वेळ लागला नाही. शालन भिंतीवर बसलेली, ती दादा म्हणते ते तिचे वडील आढ्यावर पाय टाकून, आई खाली पदर खोचून. कौल वर जात होतं, हवेत क्षणभर थांबल्यासारखं होऊन तिच्या हातात शिरत होतं, आणि सकाळ जशीच्या तशी शांत राहत होती. ते पाहताना मला माझं काम आठवत नव्हतं, हे लिहायला हरकत नाही.

मी ग्लोव्ह वर दिला आणि अंगणातून चेंडू फेकला. तिने घेतला. शेजारी ठेवला. दुसराही ठेवला.

"आगं ठिवती काय?" आढ्यावरून वडील ओरडले. "बाई काय कौलं लावाय आल्यात व्हय? दे हिकडं!"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. खाली कुणी नव्हतं. आई आणि मी बाजूला सरलो होतो. तिसरा चेंडू ग्लोव्हमध्ये शिरला आणि त्याच झोक्यात तिच्या उजव्या हातातून निघाला, कौलांच्या लाल उतारावरून, सरळ, ससाण्याच्या झेपेसारखा. वडिलांच्या उघड्या तळव्यात तो असा वाजला की आळीतलं कुत्रं उठून बसलं.

"आयाया!" ते हात झटकत म्हणाले, आणि हसायला लागले. "लई जोर हाय की गं तुज्यात!"

तिने न केलेले सगळे आवाज त्या एका आवाजात जमा झाले होते. मी आणखी चार-पाच चेंडू टाकले. एकही शेजारी ठेवला गेला नाही.

"भाऊ, हिला मी आज शिबिराला नेते."

हसू थांबलं. "बाई, आठ दिस? निम्मं घर उघडं हाय माजं. भितीवर कोन बसनार?"

"कुणी येण्यासारखं आहे?"

"भाच्याला सांगावा धाडतो. पर तो दुपारपस्तोर यील."

"तोपर्यंत मी बसते."

"तुमी?" आईने तोंडाला पदर लावला.

"का, मला हात नाहीत?" मी शालनला म्हटलं, "ग्लोव्ह घे आणि नीघ. कदम सरांना सांग, बाईंनी पाठवलंय. आणि ते काही बोलले तर दुसऱ्या बेसवर त्यांनाच उभं कर."

ती पहिल्यांदा हसली. खाली उतरली, हात न धुताच निघाली, आणि वळणावर दिसेनाशी झाली. मी शिडीने वर चढले. तिच्या टाचांनी गुळगुळीत झालेल्या जागेवर बसले. पहिलं कौल हातात आलं ते खणकन वाजलं. आढ्यावरून तिचे वडील सभ्यपणे दुसरीकडे पाहत राहिले. माणूस उठून गेल्यावर त्याच्या जागेची ऊब किती वेळ टिकते, हे मोजत बसायला सवड नव्हती. पुढचं कौल वर येत होतं. मी हात पुढे केले, आणि या वेळी थोडे मागे घेतले.