व्हर्नियरची रिकामी जागा

कारखाना बंद पडून वर्ष झालं आणि आमच्या संग्रहालयाला एकदम शेजाऱ्यापाजाऱ्यांची आठवण झाली. "लोकांना जोडा," असं वरून फर्मान आलं. मग साहेबांनी तिकीट माफ केलं आणि कामगारांकडून त्यांची हत्यारं सहा महिन्यांसाठी प्रदर्शनाला मागितली. बिचाऱ्यांनी ती घासूनपुसून, फडक्यात गुंडाळून आणली. घरी बसून करणार तरी काय होते?

मी इथली नोंदणी कारकून. वस्तू आली की तिच्यावर शाईने बारीक आकडा घालायचा आणि कायमच्या रजिस्टरात चढवायची, बावीस वर्षं हेच. उसन्या वस्तूला नुसती चिठ्ठी बांधायची असते. पण हाताला सवय आणि डोकं शिणलेलं. मी सगळ्यांवर आकडे घातले. एकदा रजिस्टरात चढलेली वस्तू समितीच्या ठरावाशिवाय बाहेर जात नाही. हे माझ्या ध्यानात आलं ते थेट त्या कामगारांतला एक फिटर दारात उभा राहिला तेव्हा.

"ताई, काम मिळालं," तो म्हणाला. दीड वर्षाने. "उद्या सकाळी हजर व्हायचंय. हत्यारं स्वतःची आणा म्हणालेत. माझं व्हर्नियर तेवढं द्या."

साहेबांनी रजिस्टर उघडलं, माझ्याकडे पाहिलं. "समिती तीन महिन्यांनी बसेल. तोवर नवं घ्या की." आणि जेवायला गेले.

फिटर बाकावर बसून राहिला. भांडला असता तर मीही चार शब्द सुनावले असते, पण त्याने व्हर्नियर गुंडाळायचं फडकं तेवढं मांडीवर पसरलं. मला माझीच लाज वाटली. कपाटाची किल्ली माझ्याच कमरेला होती.

"आकडा पुसून देते," मी कपाट उघडत म्हटलं.

"असू द्या ताई. मापात फरक पडत नाही."

रजिस्टरात लिहिलं, 'चूक माझी, वस्तू मालकाला परत', आणि सही ठोकली. रिकाम्या जागी चिठ्ठी ठेवली: 'मालकाबरोबर कामावर गेलं.'

साहेबांनी मेमो दिला तो दिला. चिठ्ठी मात्र काढली नाही, कारण लोक सगळ्यात जास्त तिथेच थांबतात.

शेजारच्या खणात टर्नरचा मायक्रोमीटर आहे. टर्नरला अजून काम मिळालेलं नाही; रोज येतो, बघतो, जातो. काल जाता जाता दाराशी घुटमळला.

"ताई, त्या चिठ्ठीचा कागद उरलाय ना अजून?"

"उरलाय," म्हटलं. "तुमच्यासाठी कापून ठेवलाय."