सलूनमधलं नवं संशोधन

सलूनवाल्या काकांची ती गोळी डॉक्टरबाईंनी बंद केली, तेव्हा त्यांना वाटलं, चला, आज एका माणसाचं तरी भलं झालं.

काकांना कधी हार्ट अटॅक आलेला नव्हता, साधं छातीतही दुखलेलं नव्हतं. फार पूर्वी कुणीतरी ‘हृदयासाठी चांगली’ म्हणून रक्त पातळ करायची लहानशी गोळी सुरू करून दिली होती आणि काका ती इमानेइतबारे घेत आले होते. आता पोटात जळजळ व्हायची, जरा कुठे आपटलं की दंडावर काळानिळा डाग उठायचा.

“अलीकडे हजारो लोकांवर अभ्यास झालेत,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “ज्यांना हृदयाचा आजार नाही आणि वय झालंय, त्यांना या गोळीचा फायदा अगदी थोडा होतो. पोटात रक्तस्राव व्हायची भीतीच जास्त. तेव्हा तुम्हाला ही नको.”

“म्हणजे इतकी वर्षं उगाचच गिळली?”

“तेव्हा जेवढं माहीत होतं, त्यानुसार गिळली. आता जास्त कळलंय.”

काका खूश होऊन गेले. बाहेर खोकणाऱ्यांची गर्दी होती, म्हणून बाईंनीही पुढच्याला आत बोलावलं.

काकांच्या सलूनमध्ये माणूस खुर्चीत बसला, गळ्याभोवती कापड गुंडाळलं, की त्याला पळून जाता येत नसे. प्रत्येकाला काका तीच बातमी देत होते. नवं संशोधन आलंय, आपल्या डॉक्टरबाईंनी स्वतः सांगितलंय, ती हृदयाची गोळी घ्यायची गरज नाही. दोन-तीन डोकी भादरून होईपर्यंत त्यातला ‘हृदयाची’ हा शब्द गळाला आणि नुसती ‘गोळी’ उरली.

दवाखान्यात एक गृहस्थ रक्तदाबाची गोळी सोडून गरगरत आले. एका आजींनी थायरॉइडची गोळी कुंडीत टाकायला सुरुवात केली होती. कुठून कळलं विचारलं, की उत्तर एकच.

“सलूनमधून कळलं.”

डॉक्टरबाई कपाळावर हात मारून घ्यायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायच्या. संध्याकाळपर्यंत त्यांचा घसा बसलेला असायचा.

मग ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या सरांच्या पत्नी गुडघा दाखवायला आल्या. उठता उठता त्या म्हणाल्या, “ह्यांचं बरंय बाई. ह्यांची ती रक्त पातळ करायची गोळी तुम्ही बंद केलीत ना? माझ्या मात्र वाढतच चालल्यात.”

डॉक्टरबाईंच्या हातातलं पेन तिथंच थांबलं. सरांना हार्ट अटॅक येऊन गेला होता. त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, बसवलेली होती.

“काकू, मी कधी बंद केली?”

“अहो, ह्यांनीच तसं सांगितलं मला!”

दुपारी दवाखाना बंद होताच डॉक्टरबाई तडक सलूनमध्ये गेल्या. खुर्चीत नेमके सरच होते, तोंडाला फेस लावलेले. बाकावर चौघं-पाचजण वर्तमानपत्र चाळत बसले होते.

“काका, मी तुमची गोळी बंद केली,” बाईंचा आवाज चढलाच. “तुमची! अख्ख्या गावाची नाही!”

काकांचा वस्तरा हवेत थांबला. “पण मॅडम, संशोधन सगळ्यांसाठीच असतं ना?”

“नसतं! ते कुणावर केलंय ते बघायचं असतं. सर, तुमच्या रक्तवाहिनीत स्प्रिंग आहे. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू शकते. ती धरू नये म्हणून तुम्हाला गोळी हवीच. आज घरी जाऊन सुरू करा.”

सरांनी टॉवेलने ओठांवरचा फेस पुसला. “आधी म्हणायचं अंडी नको, मग म्हणायचं चालतील. आधी गोळी घ्या, मग सोडा, आता पुन्हा घ्या. तुम्हा लोकांचं एकदा काय ते ठरवा आणि मग आम्हाला सांगा.”

“सर, सिग्नल दर मिनिटाला बदलतो, तेव्हा तुम्ही त्याला म्हणता का, एकदा काय ते ठरव म्हणून?”

बाकावरचे सगळे खो-खो हसले. काकांनाही हसू आवरलं नाही. एकटे सर हसले नाहीत. त्यांनी आरशात स्वतःच्या अर्धवट दाढीकडे पाहिलं आणि कोरडेपणाने म्हणाले, “बघतो.”

रस्त्यावर आल्यावर डॉक्टरबाईंच्या लक्षात आलं की वाद आपण जिंकलो, पण माणूस हातचा गेला. परत जावं असं क्षणभर वाटलं. पण सकाळपासून पोटात काही नव्हतं, डोकं ठणकत होतं. त्या घरी गेल्या.

त्याच आठवड्यात सर शिकवणीच्या गाडीत बसलेले असताना त्यांच्या छातीत कळ आली. स्टिअरिंगवर शाळेत गणित शिकवणारी एक बाई होती, नुकतीच शिकायला लागलेली, आजवर कधी दुसऱ्या गिअरच्या पुढे न गेलेली. सरांना घामाची अंघोळ झाली. तिने गाडी बाजूला घेऊन अँब्युलन्सला फोन लावला, तर यायला वेळ लागेल म्हणाले. मग तिने ओठ घट्ट मिटले आणि गाडी पुन्हा रस्त्यावर काढली. अख्खा रस्ता तिने दुसऱ्या गिअरमध्ये कापला. मागचे हॉर्न वाजवत होते आणि सर छाती दाबून धरत, तशातही म्हणत होते, “क्लच... क्लच सोडा हळू...” हॉस्पिटलच्या फाटकाला एक ओरखडा काढून गाडी थांबली.

जुन्या स्प्रिंगमध्येच गुठळी झाली होती. वेळेवर पोचले म्हणून सर वाचले.

डॉक्टरबाई संध्याकाळी भेटायला गेल्या, तर वॉर्डाबाहेर सलूनवाले काका भिंतीला टेकून उभे होते. चेहरा पार उतरलेला.

“मॅडम, मी काय वाईट चिंतलं होतं का हो?”

त्यांना चांगलं झापायचं बाईंनी जिन्यावरच ठरवलं होतं. पण तो चेहरा बघून त्यांनी ते सोडून दिलं. “नाही काका,” त्या एवढंच म्हणाल्या. “पण आता कुणी विचारलं तर म्हणा, तुझं तू डॉक्टरला विचार.”

आत सर डोळे मिटून पडले होते. बाईंची चाहूल लागताच त्यांनी डोळे उघडले.

“हसले हो सगळे माझ्यावर,” ते म्हणाले. “त्याच रागात नाही घेतली.”

डॉक्टरबाई स्टुलावर बसल्या. “माझं चुकलंच. चारचौघात बोलायला नको होतं.”

महिन्याभराने सर काकूंना घेऊन दवाखान्यात आले. रंग सुधारला होता. गोळी रोज सकाळी घेतो, एकही दिवस चुकवत नाही, असं त्यांनी ठासून सांगितलं. काकूंनी मान डोलावली. डॉक्टरबाईंचा जीव भांड्यात पडला.

“कोलेस्टेरॉलची मात्र सोडली,” सर म्हणाले. “त्या गणिताच्या बाईंच्या भावाने मोबाइलवर पाठवलंय. नवं संशोधन आहे.”

काकूंनी डोक्याला हात लावला. डॉक्टरबाईंनी डोळे मिटून मनातल्या मनात एक सणसणीत शिवी हासडली. कुणाला, ते त्यांनाही ठरवता आलं नाही. बाहेर लहान मूल रडत होतं, कुणीतरी दारावर टकटक केली.

“थांबा जरा!” त्या दाराकडे बघून ओरडल्या. मग खुर्ची सरांच्या जवळ ओढून घेतली.

“दाखवा मोबाइल. आपण दोघं मिळून वाचू. कुणावर केलंय, ते आधी शोधू.”

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा चढवला. “यात तर तसं काही लिहिलेलंच नाही,” शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवून ते म्हणाले.