ललितची बादली

पोराच्या नोकरीचं धुरपदाबाईला भारी हसू यायचं. ललित मालवाहू जहाजावर खलाशी. त्याच्याकडे खास दिलेलं काम काय, तर कॅनव्हासची बादली सोडून समुद्राचं पाणी वर काढायचं आणि त्यात थर्मामीटर बुडवायचा. सुरतेजवळ उधन्याच्या लूम कारखान्यात बॉबिन भरता भरता ती बायांना रंगवून सांगायची, "मी जनमभर हिरनं पानी शेंदं, आते पोऱ्या समुंदरनं शेंदी ऱ्हायना!"

अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये अरबी समुद्रात वादळ उठलं आणि तिचं हसूच पळालं. ललितचं जहाज मस्कतहून कांडल्याला निघालं होतं. वादळाने कांडला बंदर उद्ध्वस्त केल्याच्या बातम्या ऐकून तिचं चित्त थाऱ्यावर राहिना. शेजारचे मुकुंदराव हवामान कचेरीत होते. ती तडक तिथेच जाऊन धडकली.

"भाऊ, मना ललित कोठे शे?"

"मुंबईला विचारलंय, मावशी. उत्तर येईल. बसा." तिचं मन रमावं म्हणून मुकुंदरावांनी नकाशा पुढे ओढला. "हे मस्कत, हे मुंबई, हे कराची. ठरल्या वेळेला सगळे एकदम आभाळ बघतात आणि एकमेकांना कळवतात. जहाजंसुद्धा."

"कराचीबी? मागला महिनामा तर दोन्ही देशसनी बॉम्ब फोडात ना?"

"फोडले. पण हवेचे आकडे थांबले नाहीत."

धुरपदाबाई चाटच पडली. एवढी भांडखोर दुनिया, आणि आभाळ बघताना एका घरातल्यासारखी! तिने नकाशावर हात ठेवला, देवाच्या पाटाला लावावा तसा.

तेवढ्यात टेलिप्रिंटर खडखडला. मुकुंदराव वाचू लागले, "हेच जहाज. आज सकाळची नोंद. कराचीने रेडिओवर पकडून पुढे पाठवलीये. वादळाचा इशारा मिळाल्यावर दक्षिणेला वळलं, वाचलं."

"आनि पोऱ्या?"

मुकुंदराव अवघडले. "माणसांचं यात नसतं, मावशी. नुसते आकडे. वारा, लाटा... समुद्राचं पाणी तीस अंश."

ती ताडकन उठली. "पानी? बादलीनं?"

"हो, या जहाजावर बादलीनेच मोजतात."

"मंग मना ललितनीच काढं! ती बादली तो दुसराना हातमा देस नही!"

ती रडत होती, हसत होती. कराचीतल्या कुणा अनोळखी माणसाने तिच्या लेकराची बादली न सांडता इथवर आणून दिली होती. पदराने तोंड पुसून ती म्हणाली,

"भाऊ, कराचीले सांगी द्या. पानी पोचनं."