शेवटचं चित्र आधी

अम्मीचा तो मेसेज मुबश्शिराने चार महिन्यांत किती वेळा उघडला होता, त्याला गणती नव्हती. पाचच चित्रं होती. हसरा चेहरा, जेवणाचं ताट, बस, रडका चेहरा आणि एक मुलगी.

😊🍛🚌😭👧

मंगळवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आलेला. बुधवारी पहाटे अम्मी झोपेतच गेली.

मेसेजचा अर्थ मुबश्शिराला लख्ख दिसत होता. त्याआधीच्या रविवारी ती नगरहून शेवगावला यायची होती, आणि आली नव्हती. अम्मी खुशीत होती, तिने ताट वाढून ठेवलं, बस आली, मुलगी उतरली नाही, अम्मी रडली. शेवटी ती मुलगी, कुणाकडे तरी बोट दाखवावं तशी. मंगळवारी दुपारी तर मुबश्शिराने फोनवर स्वतःचंच रडगाणं गायलं होतं: कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी कंत्राटी, आणि कंत्राट पुढे वाढणार नाही म्हणतात. रविवारबद्दल तिने अवाक्षर काढलं नव्हतं. संध्याकाळी हा मेसेज आला तेव्हा ती भाजी घेत होती. रात्री निवांत बोलू, असं म्हणून तिने घाईत एक अंगठा पाठवला. रात्री बोलणं झालंच नाही. पुढे कंत्राट वाढलं. अंगठा मात्र तिथेच होता, निळ्या खुणांसकट.

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. अब्बांना तर नाहीच.

अम्मी, म्हणजे जहिरा, मराठी शाळेत कधी गेली नाही. लहानपणी मशिदीत कुराण वाचायला शिकली, आणि पुढे चाळीस वर्षं गल्लीतल्या मुलींना ओसरीवर बसवून अरबीचा कायदा, म्हणजे अक्षरओळखीचं पुस्तक, शिकवत राहिली. मुबश्शिराही तिच्याच बोटामागून अलिफ-बे शिकली होती. मोबाईल आला तेव्हा अम्मीला त्यातल्या चित्रांचा शोध लागला आणि तिने मेसेज धाडायचा सपाटा लावला. आवाज भरून पाठव म्हटलं तर म्हणायची, "बोलते तर मी रोजच. हे माझं लिहिणं आहे."

या चित्रांच्या लिहिण्यात तिची विद्यार्थिनी म्हणजे रतनबाई. मळ्यातून रोज दूध घालायला येणारी, अम्मीच्याच वयाची, तिच्याइतकीच शाळा न पाहिलेली. अम्मी गेल्यावर रतनबाईने लिहिणं थांबवलं नाही. ती आता मुबश्शिराला लिहायची. मुबश्शिरा अंगठा पाठवायची.

अम्मी गेल्यानंतर चार महिन्यांनी, एका रविवारी मुबश्शिरा शेवगावात अब्बांकडे होती. सकाळी सातला फोन वाजला.

🍵🥛🚶‍♀️🛕

चहा, दूध, चालणारी बाई, देऊळ. मावशींना घाई दिसतेय, तिने ताडलं. चहा तयार ठेव, दूध घालते आणि लगेच देवळाकडे निघते. तिने पिशवीतलं दूध घालून सव्वासातला चहा उकळला. साडेसातला पुन्हा गरम केला. आठला पुन्हा. नऊ वाजता कपाळाला बुक्का लावलेली रतनबाई किटली घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा चहाचा काढा झाला होता.

रतनबाईने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "का गं, मुबे, मी आजारी हाय का?"

"मावशी, सातपासून उकळतोय तो. तुम्हीच नाही का सांगितलंत, आधी चहा म्हणून?"

"आधी चहा? अगं, दूध मी आननार, आन चहा आधी कसा हुईल? नीट लिवलंय की!" रतनबाईने कमरेचा मोबाईल काढला, डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि बोट ठेवलं. "ह्ये बघ. देवळात गेले. चालत आले. दूध आनलं. आता चहा टाक."

मुबश्शिरा चित्रांकडे बघतच नव्हती. ती बोटाकडे बघत होती. ते उजव्या टोकाला टेकलं होतं आणि एकेक चित्र मागे टाकत डावीकडे सरकत होतं, ओसरीवर अरबीच्या ओळींवरून अम्मीचं सरकायचं तसं.

"मावशी, तुम्ही इकडून वाचता?"

"मंग कुठनं? जहिरानं हितनंच शिकवलं."

"पण फोनवर तर पहिलं चित्र डावीकडे येतं."

"म्हनून शेवटचं चित्र आधी दाबायचं," रतनबाई म्हणाली, जणू हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असावं. "काय सांगायचं ते समदं आधी मनात धरायचं. शेवट दाबायचा, मंग मागं मागं येत सुरुवातीला पोचायचं. लई डोकं लागतं. तू एवढी कपाटंच्या कपाटं पुस्तकं वाचलीस, आन तुला ह्ये ठावं न्हाई?"

मुबश्शिराला हसावं की काय करावं ते कळेना. "दोन वर्षं मी उलटं वाचत होते."

"दोन वरसं!" रतनबाईने कपाळावर हात मारला. "तरी जहिरा म्हनायची, पोरगी कायबी उत्तर देती. आमाला वाटलं, शिकलेली मानसं अशीच बोलत असत्यात."

आवाज ऐकून अब्बा आतून आले. अमजदभाईंनी जन्मभर टेम्पो चालवला होता. आता ते फक्त वर्तमानपत्र आणि चांदणी नावाची शेळी चालवायचे. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं, तर रतनबाईने मुबश्शिराच्या हातातला फोन त्यांच्यापुढे सरकवला. "थांबा, तुमचंबी निघंल यातनं."

आणि निघालं. दीड वर्षापूर्वीचा एक मेसेज होता.

🐐🥣😡

"हा मला आठवतो," मुबश्शिरा म्हणाली. "शेळीने वाटीत तोंड घातलं आणि अब्बा चिडले. मी लिहिलं होतं, शेळीला लांब बांधत जा."

"मग बांधली की," अब्बा म्हणाले. "तेव्हापासून पार त्या कोपऱ्यात आहे."

रतनबाईने बोट ठेवलं. "अमजदभाई चिडले. वाटी. शेळी."

अब्बांनी वर्तमानपत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"अब्बा, वाटीत काय होतं?"

"दुधी," अब्बा पुटपुटले.

"आन दुधीवरनं तुमी चिडला, आन वाटी तिनं शेळीम्होरं ठेवली. मुकी बिचारी दीड वरीस शिक्षा भोगतीय!" रतनबाई पदर तोंडाला लावून हसत सुटली. अब्बा आधी रागावल्यासारखे राहिले, मग त्यांचेही खांदे हलू लागले. ते उठले, अंगणात गेले आणि चांदणीचा दोर सोडून तिला ओसरीच्या खांबाला आणून बांधलं. "माफ कर, बाई," असं ते तिला म्हणाल्याचं दोघींनी ऐकलं.

मग एकामागून एक जुने मेसेज निघाले. मुबश्शिरा डावीकडून वाचायची, रतनबाई उजवीकडून, आणि दर वेळी अम्मी नव्याने घरात यायची. मिरच्या, पाऊस, धावणारी बाई. शिवणयंत्र, झोपलेला चेहरा. मुबश्शिराला खूप दिवसांनी पोट दुखेपर्यंत हसू आलं. हसता हसता तिचा अंगठा पडद्यावर खाली सरकत गेला आणि मंगळवारवर थांबला.

तो फोन तिने पालथा घातला असता, पण रतनबाईने आधीच पाहिलं होतं.

"हा तर माझ्याम्होरं लिवलाय तिनं."

"काय लिहिलंय?" मुबश्शिराने विचारलं. आवाज तिचा तिलाच बारीक वाटला.

रतनबाईचं बोट उजव्या टोकाला टेकलं. "पोरगी. रडतीय. बसमधी बस. जेव." बोट डाव्या टोकाला पोचलं. "आन हास. ह्या हसऱ्या तोंडापायी तर लई घोळ घातला तिनं. मी म्हनलं, चांगलं दात काढनारं टाक. म्हनती, न्हाई, पोरीला रडं आलंय, तिच्याम्होरं दात नको. ह्येच बरं, गालातल्या गालात."

मुबश्शिरा त्या गालातल्या हसण्याकडे बघत राहिली. ते ओळीच्या सुरुवातीला नव्हतं. ते शेवटाला होतं. आणि अम्मीने सगळ्यांत आधी तेच निवडलं होतं.

"म्हणजे ती रडली नव्हती?"

"ती कशाला रडंल? तुझ्या त्या कंत्राटवाल्या सायबाला शिव्या घालत हुती. लई चांगल्या."

"त्या संध्याकाळी तिने मला दुधी आणायला पिटाळलं होतं," अब्बा हळूच म्हणाले. "डाळीत घालून दालचा करायचा म्हणून. मी म्हटलं, कोण येणार आहे? तर म्हणे, येईल."

मुबश्शिराने मेसेजखालच्या अंगठ्यावर बोट ठेवलं. "बोलावलं होतं तिने. आणि मी अंगठा पाठवला."

"अगं, आज ये असं कुठं लिवलंय?" रतनबाई करवादली. "चित्राला तारीख असती का? रडलीस, बसमधी बसलीस, आलीस. आता ऱ्हायलं काय?"

"जेवण," अब्बा म्हणाले आणि पायात चपला सरकवू लागले. "दुधी आणतो."

"तुम्ही? दुधी?"

"दालच्यातला चालतो," अब्बा ताठ मानेने म्हणाले आणि बाजाराकडे निघाले.

रतनबाईने आणलेल्या दुधाचा नवा चहा झाला. ती दुसरा कप घेऊन उठली. माझ्यासाठी वाटीभर काढून ठेव, असं बजावून मळ्याकडे गेली. दुपारी दालचा-भात झाला. डाळ अम्मीच्या हातासारखी घोटली गेली नव्हती, चिंच जरा पुढे गेली होती, पण मुबश्शिरा दोनदा वाढून घेऊन जेवली. अब्बाही जेवले. मध्येच ताट घेऊन ते ओसरीवर वाऱ्याला म्हणून गेले. खिडकीतून तिला त्यांचा वाकलेला पाठमोरा सदरा दिसला, आणि खांबाशी चांदणीची हलणारी दाढी.

गालातल्या गालात नाही; चांगले दात दाखवून ती हसली.

हात धुऊन तिने फोन घेतला आणि अम्मीचं नाव उघडलं. काय सांगायचं ते आधी सगळं मनात धरलं. मग शेवट दाबला, शेळी. मग म्हातारा. मग हसरा चेहरा, दातांचा. मग ताट, मग बस, आणि मागे मागे येत शेवटी मुलगी.

फळीवर ठेवलेला अम्मीचा फोन वाजला. अब्बा रिकामं ताट घेऊन आत येतच होते. त्यांनी ताट ठेवलं, सदऱ्याला हात पुसले, चष्मा चढवला आणि फोन हातात घेतला. बोट आधी सवयीने डावीकडे गेलं. मग थबकलं, उचललं गेलं आणि उजव्या टोकाला जाऊन टेकलं. अब्बा सावकाश वाचत निघाले. शेळीपाशी पोचल्यावर त्यांनी मान वर केली.

"दोनच फोडी दिल्या," ते म्हणाले.