ज्या घरात धूर नव्हता

मित्रांनो, मी गोबरगॅसची लोखंडी टाकी. वय झाले आहे, गंजाने अंगाला भोके पडली आहेत. बोलणे थोडे खरखरीत वाटले तरी ऐकून घ्या.

माझा जन्म आर्वीच्या एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. १९९३ साल होते. जाड पत्रे वाकवून, जोडून, वर काळा रंग चढवून मला बैलबंडीतून रोहणा गावी आणले. तिथे नत्थूजी नावाच्या शेतकऱ्याने गोठ्याशेजारी विटांची खोल विहीर बांधून घेतली होती. तिच्यात शेण आणि पाणी कालवून ओतले आणि वर मला उपडी ठेवले. आत गॅस साचला की मी हळूहळू वर उचलली जायची. खर्च झाला की पुन्हा खाली बसायची.

नत्थूजींनी हे केले ते पत्नी कोकिळाबाईंसाठी. चुलीच्या धुराने त्यांना दमा जडला होता. शेगडीवर पहिल्यांदा निळी ज्योत पेटली, त्या दिवशी त्या तिच्यासमोर नुसत्याच बसून राहिल्या. स्वयंपाक राहून गेला.

शेजारच्या तानाबाईने नाक मुरडले. "काऊन वो, याच्यावरच्या भाकरीले शेणाचा वास नाई येत?"

"खाऊन पाह्य, मंग सांगजो," कोकिळाबाई म्हणाल्या.

तानाबाईने भाकरी खाल्ली. मग आणखी एक मागितली.

ती माझी चांगली वर्षे. रोज सकाळी नत्थूजी मला कडीला धरून गोल फिरवायचे, म्हणजे आतल्या शेणावरची साय मोडायची. कोकिळाबाई दारातूनच मी किती वर आले ते पाहायच्या आणि डाळ शिजायला ठेवायची की नुसता भात, ते ठरवायच्या. रात्री उशीला टेकून बसून राहणे त्यांनी सोडले. आडव्या होऊन झोपू लागल्या. गावात पाहुणे आले की लोक त्यांना आमच्याकडे आणत आणि म्हणत, बघा, या घरात धूर नाही.

पुढे मला गंज लागला. नत्थूजी माझ्या अंगावर साबणाचा फेस लावायचे आणि जिथे बुडबुडा येईल तिथे ठिगळ मारायचे. शेवटी ठिगळाशेजारीच भोक पडू लागले. वेल्डिंगवाल्याने सांगितले, आता नवीच टाकी हवी. तेवढे पैसे घरात नव्हते, म्हणून उरेल तेवढ्या गॅसवर कसेबसे भागत होते.

२००७ मध्ये एका संस्थेची जीप गावात आली. घरोघरी फुकट गोबरगॅस बांधून देणार होते. स्वप्निल नावाचा तरुण सर्वेला आला.

"बाबाजी, चुलीत रोज किती लाकूड जळतं?"

"लाकूड काऊन जाळू? आपल्याकडे गोबरगॅस हाय. टाकीले भोकं पडले, ते तेवढी बदलून द्या."

स्वप्निलने पेन खिशाला लावले आणि समजावून सांगितले. परदेशातल्या कारखान्यांना धुरासाठी पैसे मोजावे लागतात. इथल्या गावात जेवढा धूर थांबेल, तेवढा ते आपल्या नावावर विकत घेतात. त्या पैशातून हे काम चालते.

"तुमच्या घरी धूरच नाही, बाबाजी. आम्ही थांबवणार काय?"

"धूर त्यायचा, अन् मोजता आमची चूल? अन् ज्यानं आधीच बंद केला, तो येडा?"

"नियम आहे, जी," स्वप्निल हळूच म्हणाला. वाईट मुलगा नव्हता तो.

समोरच्या बबनरावांच्या अंगणात लाकडाचा मोठा ढीग होता. त्यांचे नाव यादीत लागले. ते ओट्यावरून ओरडले, "नत्थूजी, लवकर शहाणे झाले तुमी!"

काही दिवसांनी नत्थूजींचा मुलगा गोपाल म्हणाला, "बाबा, उरलेल्या घरांचा सर्वे हाय म्हंते. टाकी काढून टाकू अन् चूल पेटवू. आपलं बी नाव लागन."

"तुह्या मायचा दमा विसरला का?"

आतून कोकिळाबाई बोलल्या, "एक हिवाळा सोशीन मी. मंग जनमभराची टाकी येते. काढा."

दुसऱ्या दिवशी मला ओढून बाहेर काढले आणि विहीर उपसली. चूल पेटली. स्वप्निल पुन्हा आला. त्याने माझ्याकडे पाहिले, चुलीकडे पाहिले आणि नाव लिहून घेतले. नत्थूजी त्या वेळी शेतात निघून गेले होते.

हिवाळा गेला. उन्हाळाही गेला. रिकाम्या विहिरीच्या विटा पहिल्याच मोठ्या पावसात आत ढासळल्या. नवी टाकी आली नाही. २००९ मध्ये गोपाल आर्वीला संस्थेच्या कचेरीत जाऊन आला.

"कुलूप हाय. तिकडं धुराचा भाव पडला म्हंते."

"मंग आपला धूर?" नत्थूजींनी विचारले.

गोपाल कुऱ्हाड घेऊन लाकडे फोडायला गेला.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी शिकून उद्या असे नियम लिहायला बसेल. गावातले लाकडाचे ढीग जरूर मोजा. पण जिथे ढीग नाही, त्या घरातही जाऊन बसा आणि तिथली जुनी टाकी आधी दुरुस्त करून द्या.

मला आता गोठ्यामागे आडवे टाकले आहे. पावसात भिजू नयेत म्हणून गोपालने माझ्या पोटात लाकडे रचली आहेत. संध्याकाळी कोकिळाबाई येतात. एक हात माझ्या काठावर टेकवून बराच वेळ दम खातात आणि मग दुसऱ्या हाताने दोन काटक्या ओढून घेतात. थोड्या वेळाने कौलांतून धूर निघतो. तो मोजायला कोणी येत नाही.