आबांची झाकली मूठ

खाज ही मोठी अवघड गोष्ट. चारचौघांत खाजवायची लाज वाटते आणि खाजवल्यावाचून राहवत नाही. म्हणून आपल्याकडे तिला एक सभ्य नाव दिलेलं आहे, उष्णता! आटपाडीजवळच्या वस्तीवर कोंडीबाच्या घरी ही उष्णता गेले दोन महिने मुक्कामाला होती.

कोंडीबाची नात प्रांजल सांगलीला नर्सिंग शिकत होती. तिचे आईवडील सोनं गाळायच्या धंद्यापायी मदुराईला, त्यामुळे पोर वाढली ती आजी-आजोबांजवळ. घरातून कॉलेजात गेलेली ती पहिलीच. तीच त्या दिवशी तिसऱ्यांदा बॅग घेऊन दारात उभी राहिली.

"आबा, होस्टेलच्या बाईंनी सांगितलंय. पंधरा दिवसांत खरूज बरी झाल्याचा डॉक्टरचा कागद आन, न्हाईतर होस्टेल सोड."

"त्या होस्टेलचं पाणीच बाधतंय तुला!" कोंडीबा तडकला. "हितं घरात कुणाला काय हाय का?"

हे बोलताना त्याचा एक हात धोतराच्या सोग्याआड दुसऱ्या हाताची बोटं खाजवत होता. सुलाबाईच्या नजरेतून ते सुटलं नाही, पण नवऱ्याला तोंडावर बोलायची तिची रीत नव्हती. तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईला, म्हणजे संयोगिताला, बोलावून आणलं.

संयोगितानं प्रांजलचं मनगट उजेडात धरून पाहिलं. "मलम लावलंस का गं?"

"दोनदा लावलं. तिथं बरी हुती. सुट्टीला घरी येऊन गेले की चार दिवसांत पुन्हा सुरू."

"मग हा रोग होस्टेलातनं घरी येत न्हाई, घरातनं होस्टेलात जातोय. हितं झोपतीस कशात?"

प्रांजलनं खुंटीकडे पाहिलं. तिथं कोंडीबाचं काळं घोंगडं होतं. घरच्या मेंढरांच्या लोकरीचं. थंडीत नात आली की आजोबा ते तिच्या अंगावर घालायचा आणि पहाटे तिला जाग यायच्या आत पुन्हा स्वतः ओढून घ्यायचा.

"घोंगड्याचं नाव काढू नगा!" कोंडीबा उसळला. "घोंगडं कवा धुत्यात व्हय? त्येला इटाळ न्हाई. देवाला बसायला बी त्येच लागतंय."

"आवं आबा, इटाळाचं कोण बोलतंय? खरजेचा किडा डोळ्याला दिसत न्हाई. त्येला घोंगडं काय आन् शालू काय, माणसाची कातडी मिळाली की बास. जरा हात बघू तुमचा."

कोंडीबानं मूठ आवळली आणि हसून वेळ मारून न्यायला बघितलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई!"

"ही न्हवं, आबा. ही झाकलीसा तर पोरीचं शिक्षान जाईल."

प्रांजल हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, ताई. आबांना नगा काय बोलू. मी बरी झाले की घरी येणारच न्हाई. दिवाळीला बी न्हाई."

कोंडीबानं पोरीच्या मनगटाकडं पाहिलं. अरे देवा! रोग कुणाचा आणि वनवास कुणाला! ज्या पोरीला छातीशी धरून वाढवली, तिलाच आपण घरापासून तोडत होतो, आणि कशासाठी, तर लोक हसतील म्हणून! त्यानं मूठ उघडली. बोटांच्या बेचक्यांत बारीक लाल पुरळ होते.

"मलाच हाय. मेंढरं घेऊन गेलतो तवा तळावर सगळी एकात एक झोपलो, तवापासनं. लाज वाटली गं पोरी."

"लाज कसली त्यात?" संयोगिता म्हणाली. "रोग झाला ह्यो काय गुन्हा न्हाई. लपवला, तिथं चुकलं."

सुलाबाई लगेच फिनेलची बाटली घेऊन उठली. संयोगितानं तिला खाली बसवलं. घर सुलाबाईनं आरशासारखं ठेवलं होतं, पण खरूज काही भुईवर राहत नाही, ती अंगात आणि अंथरुणात राहते. दवाखान्यातून मलम आलं. तिघांनी एकाच दिवशी झोपताना मानेपासून तळपायापर्यंत लावलं. "मला कुठं खाज हाय?" म्हणणाऱ्या सुलाबाईनंही. सकाळी अंघोळी झाल्या. कपडे, चादरी, वाकळा कढत पाण्यात घालून दिवसभर कडक उन्हात वाळवल्या. आठव्या दिवशी पुन्हा मलम.

आणि घोंगडं? ते धुतलं नाहीच. प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत घालून, तोंड आवळून आठ दिवस बाजूला ठेवलं. माणसाचं अंग मिळालं नाही की किडा आपोआप मरतो. रीतही राहिली आणि रोगही गेला!

पंधराव्या दिवशी प्रांजल डॉक्टरचा कागद घेऊन सांगलीच्या एसटीत बसली. तिला बसवून कोंडीबा घरी गेला नाही. मेंढरांच्या तळावर त्याच्या शेजारी झोपणाऱ्या धुळाच्या अंगणात जाऊन उभा राहिला.

"धुळा, मला खरूज झालती. तुलाबी असंल. सगळ्या घरानं औषध घ्या."

"हळू बोल की गड्या! सुना ऐकत्यात!"

"ऐकू देत. त्यांनीच पयलं ऐकाय पायजे. मी गप बसलो आन् माझी नात घराला मुकत हुती."

धुळानं इकडंतिकडं पाहिलं आणि मुकाट्यानं बाही वर केली.

वाचकहो, केर काढला आणि सारवलं म्हणजे घर निरोगी झालं असं नाही. एकाला झालेली खरूज साऱ्या घराची असते. तेव्हा एकट्यानं चोरून मलम लावू नका. घरात सांगा, सगळ्यांनी मिळून औषध घ्या, अंथरूण-पांघरूण उन्हात टाका. सांगायला घटकाभर लाज वाटेल, पण न सांगण्याची किंमत बहुधा आपल्या सगळ्यात लाडक्या माणसाला मोजावी लागते.